पाण्यात पाहणारा

सगळ्यांनी डोळे मिटले, बोटं उचलली, आणि सासूबाईंचं बोट सरळ तिच्याकडे आलं. असं व्हायला नको होतं. खरं तर असं होऊच शकत नव्हतं. ती खेळात नव्हती. ती सूत्रधार होती, म्हणजे समुद्र तीच, वारा तीच, आणि समुद्राखाली जे काही दबा धरून बसलं होतं तेही तीच. बोट करायचं होतं ते टेबलाभोवतीच्या चौघांपैकी कुणा एकाकडे. चित्रकाराचं बोट मालकाकडे होतं आणि मालकाचं चित्रकाराकडे, त्यात नवल नव्हतं. त्या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं आणि दोघांनाही त्याचा थोडा अभिमानच होता. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंचं बोट जरा घुटमळून चित्रकारावर स्थिरावलं. आणि सासूबाई, वर्गात हजेरी घ्यायला बसाव्यात तशा ताठ बसलेल्या, डोळे घट्ट मिटलेले, ओठांच्या कडा किंचित वर, आणि ते सुरकुतलेलं, पेराशी वाकलेलं बोट टेबलावरच्या निळ्या कापडावरून, लाकडी जहाजावरून, फाशांवरून थेट तिच्या छातीकडे. तिला वाटलं, चुकलं असेल, या वयात अंदाज चुकतो. म्हणून ती खुर्चीतल्या खुर्चीत हळूच डावीकडे सरकली. बोट क्षणभर थांबलं, आणि तिच्या मागोमाग डावीकडे आलं. सासूबाईंचे डोळे मिटलेलेच होते. ‘उघडा,’ ती म्हणाली, आणि तिने जाहीर केलं की समुद्राखालचा राक्षस, अथांग, चित्रकाराला धरतो. ते काही खोटं नव्हतं, दोन बोटं त्याच्याकडे होती. चौथ्या बोटाबद्दल ती काही बोलली नाही.

तिचं काम राक्षस लिहिण्याचं होतं. सासूबाई नव्या ओळखीच्या माणसाला सांगत, ‘आमची सून राक्षस लिहिते. घरी नाही, ऑफिसात.’ टेबलाभोवती बसून खेळायचे कल्पित जगांचे खेळ तिचं ऑफिस छापत असे: कुणी योद्धा व्हायचं, कुणी जादूगार, सूत्रधाराने समोर काय आहे ते सांगायचं, प्रत्येकाने आपण काय करतो ते सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. अशा खेळांना जाडजूड पुस्तकं लागतात आणि पुस्तकांना राक्षस लागतात, पुष्कळ लागतात, कारण खेळणारे ते भराभर मारून टाकतात. या खेपेचं पुस्तक समुद्राचं होतं आणि अथांग हा त्यातला शेवटचा, सगळ्यांत मोठा. एरवी एकेका राक्षसावर ती आठवडेच्या आठवडे घालवायची. पंजे द्यायची, काढून घ्यायची. अथांग मात्र एका दुपारी, एका बैठकीत आला, कुणीतरी आतून सांगावं आणि तिने उतरवून घ्यावं इतका सरळ. त्याची अख्खी लांबी कुणीही पाहिलेली नाही. एका बंदराबाहेर त्याची पाठ नकाशात उथळ खडक म्हणून काढलेली असते, कोळी तिच्यावर जाळी वाळवतात. आणि त्याच वेळी दूरच्या दुसऱ्या बंदरात, वारा नसताना, नांगरलेल्या होड्या हलतात. तो जहाज फोडत नाही. तो एकालाच धरतो, आणि धरलेल्याला खात नाही, बुडवतही नाही. वेटोळ्यात घेऊन पाण्याच्या वर ठेवतो, उबेत, श्वास चालू, हाका मारता येतील असा. लाटा वाढल्या की वेटोळं उंच करतो. ऊन लागलं की सावली धरतो. तो त्याला सांभाळतो. कारण धरलेला त्याला नकोच असतो. त्याला हवे असतात सोडवायला येणारे. हे शेवटचं वाक्य लिहून झालं तेव्हा तिने हात धुतले होते, हे तिला नंतर आठवलं. शाई वगैरे काही लागली नव्हती.

प्रश्न एवढाच उरला होता की तो धरतो कुणाला. सगळ्यांत जवळच्याला? सगळ्यांत दुबळ्याला? तेव्हा मुद्रितं तपासणाऱ्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या होत्या, ‘कुणाला म्हणजे काय, ज्याला पाण्यात पाहतो त्याला. समुद्रातला राक्षस, दुसरीकडे कुठे पाहणार तो?’ सगळे हसले, चित्रकाराने टेबलावर थाप मारली, आणि थट्टेथट्टेत तो नियम झाला: खेळणाऱ्यांनी डोळे मिटून, आपण जिला पाण्यात पाहतो त्या व्यक्तीकडे बोट करायचं, ज्याच्याकडे जास्त बोटं, त्याच्याभोवती वेटोळं. बाईंनी नंतर आपल्याच विनोदाविरुद्ध तक्रार नोंदवली होती. वाक्प्रचार नियमात घालू नये, लोक शब्दशः घेतात आणि मग भांडत बसतात. मालक म्हणाले, भांडू देत, भांडण म्हणजेच खेळ. मालकांना सगळ्याच गोष्टी खेळ वाटत, पगार सोडून. छापण्याआधी खेळून पाहायच्या चाचणीचा चौथा गडी रजेवर गेला, म्हणून तिने सासूबाईंना आणलं. सासूबाई म्हणाल्या, ‘मी चोर होणार. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं, आता जरा चोऱ्या करते.’ आणि त्या इतक्या सफाईने चोऱ्या करू लागल्या, राजाच्या कोषापासून ते मालकाच्या योद्ध्याच्या खिशातल्या सुऱ्यापर्यंत, की खरा चौथा गडी परत आला तरी त्याला कुणी बोलावलं नाही.

आणि आता हे बोट. बसमध्ये सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या आणि दुकानांच्या पाट्या वाचत होत्या, पुटपुटत, चुका काढत, नेहमीसारख्या. ती शेजारी बसून त्यांच्या मांडीवरच्या हाताकडे पाहत होती. तोच हात. सकाळी तिने त्यावर औषधाच्या गोळ्या मोजून ठेवल्या होत्या. पाण्यात पाहतात मला, ती मनात म्हणाली, आणि हे शब्द आयुष्यात शंभर वेळा ऐकले असूनही आज पहिल्यांदा तिला त्यातलं पाणी दिसलं: वर कुणीतरी उभं आहे, खाली कुणीतरी आहे, आणि मध्ये एक हलणारा, चेहरा मोडणारा थर आहे. आपण वर आहोत की खाली? इतकी वर्षं एका छपराखाली, एका टेबलाशी, एकमेकींचे चष्मे शोधून देत काढली, आणि ही बाई त्या थराच्या पलीकडून आपल्याकडे पाहत होती? रागापेक्षा तिला भीतीच वाटली, आणि भीतीला कारण होतं. रविवारी नणंद येणार होती, आईला घेऊन जायला, आणि या खेपेला तिने फोनवर विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आजपर्यंत ती नेहमी विचारायची, आणि सासूबाई म्हणायच्या, ‘बघू, ही काय म्हणते.’ ही जे म्हणायची ते व्हायचं. पण जी आपल्याला पाण्यात पाहते ती थांबेल कशाला? आणि सासूबाई गेल्या तर त्या घरात, दोन खोल्या आणि एक गॅलरी, तिच्याशिवाय कुणीच उरणार नव्हतं.

नवऱ्याने ते घर सोडलं तेव्हा आरडाओरडा झाला नव्हता. कामासाठी दुसऱ्या शहरात गेला, कामाची मुदत वाढत गेली, मग एकदा फोनवर म्हणाला की माझं इथेच जमलंय. जमलंय म्हणजे काय हे तिने विचारलं नाही. त्याने सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही. तो म्हणाला, ‘आईला ताईकडे पाठव,’ आणि ती तिथल्या तिथे, जीभ टाळ्याला लागायच्या आत म्हणाली, ‘आईंना इथेच बरं वाटतं.’ सासूबाई तेव्हा शेजारच्या खोलीत झोपल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण ते वाक्य हळूहळू खरं झालं, किंवा खरं करायचं तिने मनावर घेतलं. खिडकीजवळ उशांची खुर्ची आली, पायांखाली घ्यायला लहान स्टूल आलं, स्नानघरात भिंतीला धरायला दांडा आला, रात्री उठावं लागलं तर पेटणारा मंद दिवा आला. शेजारी म्हणाले, नवऱ्याने टाकलं, पण हिने सासू टाकली नाही. दिवा घेऊन शोधली तरी अशी सून मिळायची नाही. ती मान खाली घालून हसायची आणि ते हसू घरात शिरल्यावरही काही वेळ तोंडावर राहायचं. नणंद दरवर्षी न्यायला आली आणि दरवर्षी काहीतरी निघालं. डोळ्याचं ऑपरेशन. कडाक्याची थंडी. घराला रंग. एकदा सासूबाईंची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती आणि ती म्हणाली, ‘आई, तुमचा खोकला जरा ओलाच वाटतोय मला,’ आणि सगळ्यांनी थांबून तो खोकला ऐकला, आणि सगळ्यांना तो ओला वाटला. बॅग तिनेच उघडली, घड्या मोडू न देता सगळं कपाटात परत लावलं. चाचणीच्या टेबलावर जागा रिकामी होती हे खरं, पण ती जागा तिला दिसली ती नणंदेचा फोन आल्यावर, हेही खरं. हे तिला माहीत होतं का? माहीत होतंही आणि नव्हतंही. पावलाखालची जमीन माणसाला माहीत असते, इतकंच.

नवऱ्याचा फोन रविवारी यायचा, आईला. सासूबाई गॅलरीत जाऊन बोलायच्या, दार ओढून घ्यायच्या, पूर्ण नाही. ती तेव्हा भांडी घासत असायची आणि बरोबर त्या वेळी नळ बंद करायची. साबणाचे हात तसेच हवेत. ऐकू यायचं ते थोडंच: ‘हो, बरी आहे. कामावर जाते ना. नाही, ती नाही विचारत.’ मग तो कधी येणार याचं काहीतरी बोलणं व्हायचं, आणि सासूबाईंचा आवाज खाली जायचा. आई इथे आहे तोवर तो कधीतरी येईलच, असं तिने कधीही स्वतःशी म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. जिन्यावर अनोळखी पावलं वाजली की तिचं सगळं अंग त्या दिशेला कलायचं आणि मग पावलं वरच्या मजल्यावर निघून जायची.

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर तिने स्नानघरात बादली भरायला लावली आणि सासूबाईंचे कपडे दांड्यावर टाकले. नळ बंद केला. बादली काठोकाठ भरलेली होती आणि पाणी स्थिर झालं होतं. त्यात दिव्याचा गोल तुकडा होता आणि तुकड्याच्या कडेला तिचं कपाळ. तिने वाकून पाहिलं. वाक्प्रचार शब्दशः घेतला तर काय दिसतं ते पाहावं, एवढंच. तेवढ्यात पाणी हललं. मधून नव्हे, कडेकडेने, सगळं एकदम, बादलीच्या खालून काहीतरी जड, लांबलचक सावकाश सरकून गेल्यावर हलावं तसं, आणि तिचं कपाळ वाकडं होऊन वर्तुळाकार पसरलं. रस्त्यावरून ट्रक गेला असणार. ट्रकचा आवाज आला नव्हता, पण रस्ता जवळ होता. ऑफिसातही असंच व्हायचं. टेबलाच्या बरोबर खाली इमारतीच्या पाण्याच्या टाकीचं लोखंडी झाकण होतं आणि फासे थांबले की खालून कधीकधी एक गुळगुळ आवाज यायचा. चित्रकार म्हणायचा, आपला राक्षस भुकेला आहे. सगळे हसायचे. ती बादलीवर वाकलेली असताना बाहेरून सासूबाई म्हणाल्या, ‘काय गं, बादलीत काय हरवलं?’ त्या स्नानघराच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. ती म्हणाली, ‘काही नाही, पाणी गार आहे का बघत होते.’ आणि तिने बोट पाण्यात घातलं. पाणी कोमट होतं, जरुरीपेक्षा जास्तच कोमट, अंगाच्या उबेइतकं, आणि तिने हात झटकन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी चित्रकाराने अथांगचं चित्र आणून टेबलावर पसरलं आणि स्वतः मागे सरकून उभा राहिला, म्हणजे कौतुक अंगावर घ्यायला जागा मिळते. चित्रात राक्षस जवळजवळ नव्हताच. पानभर समुद्र, कडेला जहाज, आणि मधोमध पाण्यातून वर आलेलं एकच वेटोळं, त्यात एक माणूस. ‘मावेना,’ तो म्हणाला. ‘डोकं काढलं तर शेपूट शेजारच्या बाईंच्या टेबलावर जाते. म्हणून म्हटलं, न दिसलेलाच बरा.’ मालक म्हणाले, एवढे पैसे देऊन नुसतं पाणी? बाई वाकून पाहत म्हणाल्या, ‘पण हा धरलेला माणूस घाबरलेला का नाही? आरामात बसलाय की हा.’ चित्रकार म्हणाला, ‘हिनेच लिहिलंय, तो सांभाळतो म्हणून. ऊन लागू देत नाही, पाणी लागू देत नाही. मग घाबरेल कशाला? मी त्याच्या पाठीशी एक वळसा जास्त दिलाय, टेकायला. आणि पायांखाली हा शेपटीचा तुकडा.’ ती पाहत राहिली. पाठीशी वळसा, पायांखाली तुकडा, अंगावर सावली. माणसाचा चेहरा नखाएवढाही नव्हता, पण तो समुद्राकडे पाहत नव्हता, जहाजाकडेही नाही. तो खाली, वेटोळ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला समजूत म्हणतात. घरची खिडकीजवळची खुर्ची चित्रकाराने पाहिली नव्हती. तो कधीही घरी आला नव्हता. तिने टेबलाची कड धरली. ‘आवडलं नाही?’ चित्रकाराने विचारलं. ‘छान आहे,’ ती म्हणाली, ‘फार छान आहे,’ आणि मग सगळ्यांसमोर तिचे डोळे भरून आले, ते पाहून मालकांनी चित्र मंजूर करून टाकलं.

शनिवारी दुपारी तिने विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. सासूबाई खुर्चीत बसून चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळत होत्या आणि ती कपाटासमोर उभी राहून, उद्यासाठी बॅग भरायची की नाही हे न ठरवता, साड्यांच्या घड्या एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर ठेवत होती.

‘आई, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बोट का केलंत?’

‘दिसलं होय तुला?’ सासूबाईंनी वर पाहिलं नाही. ‘मला वाटलं, तूही डोळे मिटलेस की काय. मग चौथ्या बोटाचं काय केलंस? गिळलंस?’

‘तुम्ही मला पाण्यात पाहता?’

सासूबाई हसल्या. ‘सासू आहे मी. थोडंफार पाहायलाच हवं, नाहीतर लोक नावं ठेवतील.’ मग त्यांनी दोरा दाताने तोडला. ‘अगं, तू म्हणालीस डोळे मिटा आणि पाण्यात कोण दिसतं ते दाखवा. असंच ऐकलं मी. मी मास्तरीण, मी शब्दशः घेतलं. डोळे मिटले आणि पाण्यात पाहिलं. पाणी म्हणजे खोलच्या खोल. म्हटलं, आता दिसेल ते धूड, बघू तरी कसं आहे. तर खाली तू होतीस.’

‘बुडालेली?’

‘छे. बुडालेली असतीस तर ओरडले नसते? तू नीट होतीस. लांब होतीस, फार लांब, या खोलीपासून त्या खोलीपर्यंत, आणखी पलीकडे, जिन्याखाली, रस्त्याखाली, पार तो राहतो तिथपर्यंत. आणि वर एवढीशी मी.’ त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आता मात्र तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर तिला हायसं वाटलं असतं. ‘तू मला गळाला लावून बसली आहेस गं. छान लावलं आहेस. दुखत नाही, खुपत नाही. चहा वेळेवर, औषध वेळेवर. पण तो मासा यायचा नाही. मी जन्म दिलाय त्याला, मला माहीत.’

ती कपाटाला टेकली. हातातली साडी तशीच. तिला म्हणायचं होतं, हे खोटं आहे. तिला म्हणायचं होतं, तुमच्या तापात मी रात्री जागले, ते कुणासाठी? आणि हे म्हणायला तोंड उघडताना तिला आतून उत्तर मिळालं, अगदी शांतपणे, अथांग उतरवून घेतला त्या दुपारी ऐकू आला होता तशाच आवाजात: लाटा वाढल्या की तो वेटोळं उंच करतो. ती एवढंच म्हणाली, ‘मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?’

‘आमिषाला कोण विचारतं?’ सासूबाई म्हणाल्या. आणि मग, मघापेक्षा हळू, ‘आणि खरं सांगू? मलाही वाटायचं, येईल. ताईकडे गेले तर ती लेक, ती सांभाळणारच, त्यात कुणाला काय वाटणार? पण सुनेने सांभाळायचं म्हणजे त्याला लाज वाटेल, कधीतरी वाटेल. मी आपणहून तुझ्या गळाला लागले. खोकला ओला नव्हता माझा. मीच ओढून खोकले जरा.’ त्या उठल्या, दांडा नसलेल्या ठिकाणीही हात नेऊन भिंत धरली, आणि कपाटापर्यंत आल्या. तिच्या हातातली साडी घेऊन त्यांनी ती बॅगेत ठेवली. ‘आता कंटाळा आला गं. तुझा नाही. बसून राहायचा.’

रविवारी नणंद आली ती रिक्षा खाली थांबवूनच आली, बसलीसुद्धा नाही. ती चांगली बाई होती, धबाधबा बोलणारी, आणि दर वेळी हरून गेल्यामुळे आज जरा जोरात बोलत होती. बॅग दाराशी होती. सासूबाईंनी चपला घातल्या. ती औषधांची पिशवी घेऊन आतून आली, कुठली कधी ते नणंदेला समजावून सांगितलं, नीट, दोनदा, आणि पिशवी देताना तिच्या तोंडातून निघून गेलं, ‘पण मंगळवारी आईंच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली आहे, फार मुश्किलीने मिळाली.’ वाक्य गुळगुळीत बाहेर आलं, त्यात काळजी होती, ऊब होती. वेळ घेतलेली नव्हती. नणंदेचा चेहरा पडला आणि तिने उचललेली बॅग हळूच परत खाली ठेवली. खालून रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. सासूबाई एका पायात नीट आणि एका पायात अर्धवट चप्पल घालून उभ्या होत्या आणि तिच्याकडे पाहत होत्या, आणि तिला दिसलं की आपण आत्ता जे म्हणू तेच होईल. आपण गप्प राहिलो तरी त्या आत येतील, चपला काढतील, खुर्चीत बसतील, आणि पुन्हा कधी काही बोलणार नाहीत. तिच्या आत ते वेटोळं आवळत आलं. ते इतकं ओळखीचं होतं की तिला स्वतःची किळस आली. ‘ताईंच्या इथेही डॉक्टर असतीलच म्हणा,’ ती म्हणाली. शब्द एकेक करून ओढून काढावे लागले. मग तिने वाकून सासूबाईंची चप्पल टाचेवर नीट चढवली, आणि वाकलेली असतानाच तिच्या डोक्यावर क्षणभर हात टेकला आणि उचलला गेला. पावलं खाली उतरत गेली, तिने शेवटपर्यंत ऐकली.

त्यानंतरचं घर विचित्र झालं. सुनं नव्हे, सुनं चाललं असतं. घर भरलेलं होतं, फक्त कशाने ते कळत नव्हतं. कामावरून आल्यावर ती दिवा लावायची आणि तिला वाटायचं, आपण स्वयंपाकघरातही आहोत आणि त्याच वेळी गॅलरीतही. एका खोलीत हात हलवला की दुसऱ्या खोलीत पडदा हलायचा. धरायला काही नव्हतं आणि तरी अंग आवळलेलं होतं, झोपेतही, सकाळी बोटं उघडायला वेळ लागायचा. ऑफिसात पुस्तक छपाईला गेलं. मालक खूश होते. चाचणीला येणारी पोरंटोरं अथांगवर तुटून पडत होती, कुणाला पाण्यात पाहतो यावरून मैत्र्या मोडत होत्या. ती खेळात सूत्रधार व्हायला बसली नाही, घसा बसलाय म्हणाली. बाईंनी विचारलं, ‘आजी नाहीत तर करमत नाही ना?’ ती हो म्हणाली. हो म्हणताना खरंच करमत नव्हतं, रडू येण्याइतकं. सासूबाईंची चोरी पकडली गेल्यावर त्या कशा निरागस चेहऱ्याने ‘कुठला सुरा?’ म्हणायच्या ते आठवून तिला मध्येच हसू यायचं, आणि हसता हसता ती थांबायची, कारण हे हसूही कुठे जाऊन पोचतंय याचा तिला आता भरवसा वाटत नव्हता.

फोन आला तो एका संध्याकाळी, ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली असताना. ती हल्ली तिथे बसायची.

‘अगं, मी बोलतेय,’ सासूबाई म्हणाल्या. आवाज खाली होता, दार ओढून घेतलेल्या खोलीतला. ‘जेवलीस?’

‘नाही अजून. तुम्ही?’

‘आमचं लवकर असतं.’ मग थोडं थांबून, ‘तो आलाय.’

खोलीतला पडदा हलायचा थांबला.

‘आज सकाळी आला. बाहेर बसलाय, ताईच्या मुलांशी पत्ते खेळतोय. जाडा झालाय. मी म्हटलं, इतकी वर्षं नाही आलास, आताच कसा आलास? तर म्हणतो, तू ताईकडे आहेस, आता येता येतं.’ सासूबाईंचा श्वास जवळ आला. ‘ऐकतेस ना? तुझी चौकशी करत होता. कशी आहे म्हणाला. काय सांगू त्याला?’

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. इतक्या वर्षांत तिने ते जिन्याकडे कान लावून, साबणाच्या हातांनी, शब्द बदलून बदलून तयार केलं होतं. ते सगळं आता तिला आठवत होतं आणि त्यातलं एकही वाक्य तिचं वाटत नव्हतं. तो तिकडे होता. बसून पत्ते खेळत होता. तिला वाटलं होतं तसं काही कोसळलं नाही. तो आला ही बातमी कुणा दुसरीसाठी असावी, चुकून या घरी यावी, तशी ती ऐकत होती, आणि तिचं सगळं लक्ष सासूबाईंच्या श्वासाकडे होतं, त्यात घरघर आहे का याकडे.

‘आई,’ ती म्हणाली, ‘तुम्ही परत कधी येणार?’

आवाज मऊ होता, काळजीचा, उबेचा. अगदी खरा होता. तिने तो स्वतःच्या कानांनी ऐकला आणि तिच्या अंगावर काटा आला, कारण तो अगदी नेहमीसारखा होता. हे आपल्यातलं कोण बोललं हे तिला कळेना, आणि पलीकडेही ते कळत नसावं. फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही.